पुढें काय झालें? अथवा लेखक वाचकाचें मन कसें धरून ठेवतो
(प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठीं, व घरीं मुलांस वाचावयास शिकविणाऱ्या वडील माणसांसाठीं, एक पाठ)

गांवोगांवच्या शाळांत एक गोष्ट वारंवार आमच्या पाहण्यांत आली आहे, व ती तुमच्याही पाहण्यांत आली असेल. एखादा मुलगा बाराखडी शिकतो, जोडाक्षरें शिकतो, आणि मग कांहीं दिवस त्याच्या उत्साहास सीमा राहत नाहीं. एस. टी. गाडीवरील पाटी, दुकानावरील फळी, साखरेच्या पुडीचा कागद, जें जें म्हणून दृष्टीस पडेल तें तें तो मोठ्यानें वाचतो. आईबापांस धन्यता वाटते. परंतु वर्ष दोन वर्षें लोटतात, आणि त्याच मुलाच्या हातीं पुस्तक दिलें तर तो पहिल्या पानावर जांभई देतो व दुसऱ्या पानावर तें मिटून ठेवतो. रात्रीं आजीच्या मांडीवर डोकें ठेवून तो गोष्ट ऐकूं लागला म्हणजे मात्र दिवा मालविण्याची वेळ झाली तरी “पुढें काय झालें?” हें विचारावयाचें तो सोडीत नाहीं.

मुलगा तोच, कान तेच व बुद्धीही तीच. मग हा भेद कोठून आला? आजीजवळ कांहीं युक्त्या आहेत. त्या तिनें कोणत्याही शाळेंत शिकून घेतल्या नाहींत. स्वतःच्या आजीच्या तोंडून ऐकतां ऐकतां त्या तिच्या अंगीं आल्या. चांगल्या लेखकाजवळही ह्याच युक्त्या असतात. मुलास त्या ओळखतां येऊं लागल्या म्हणजे पुस्तक त्यास मुकें वाटत नाहीं. त्यांतही एक आजी बसली आहे असें त्यास कळून येतें.

ह्या विषयास आम्ही इतकें महत्त्व कां देतों, तें प्रथम सांगतों. शिकलेलीं अक्षरें वापरांत नसलीं म्हणजे कोपऱ्यांत पडलेल्या विळ्याप्रमाणें गंजतात. लहानपणीं तीन चार इयत्ता शिकलेलीं, परंतु पुढें पुस्तकास हात न लावलेलीं, अशीं प्रौढ माणसें प्रत्येक गांवांत आहेत. सात-बाराचा उतारा किंवा सोसायटीची नोटीस हातीं आली म्हणजे तीं दुसऱ्याच्या दारीं जातात, आणि तो जें वाचून सांगेल तें खरें मानून सही करितात. अक्षर-ओळख हा नदीचा अलीकडचा तीर, वाचनाची आवड हा पलीकडचा. मधल्या पाण्यांत पुष्कळ मुलें बुडतात, आणि त्यांस पार नेणारी होडी बहुधा गोष्टीचें पुस्तक हीच असते.

लेखकाची अडचण

गोष्ट सांगणाऱ्यास आवाज आहे, हात आहेत, डोळे आहेत. ऐकणारा पेंगूं लागला कीं तो आवाज चढवितो. मूल भ्यालें कीं तो हंसून दाखवितो. लेखकास ह्यांपैकीं कांहींच करितां येत नाहीं. तो एका शहरांत बसून लिहितो, व त्याचा वाचक दूर एखाद्या वाडींत बसून वाचतो. कधीं कधीं तर लेखकास मरून शंभर वर्षें झालेलीं असतात. वाचकानें पुस्तक मिटलें तर त्याचा हात धरावयास लेखक येऊं शकत नाहीं. आवाजाचें, हातांचें व डोळ्यांचें काम त्यास कागदावरील काळ्या अक्षरांकडूनच करून घ्यावें लागतें.

ह्यासाठीं तो ज्या युक्त्या योजितो त्यांस कपट समजूं नये. सुतार फळीस फळी जोडतांना खांच पाडतो. ती खांच म्हणजे फसवणूक नव्हे, तें त्याचें कसब होय. लेखकाचें कसबही तसेंच आहे, आणि त्या सर्व कसबाचें मूळ एका वाक्यांत सांगतां येतें : वाचकाच्या मनांत प्रथम प्रश्न उत्पन्न करावयाचा, आणि मग त्याचें उत्तर योग्य वेळीं द्यावयाचें. पुढें ज्या युक्त्या सांगितल्या आहेत त्या ह्याच एका झाडाच्या फांद्या आहेत.

पहिली युक्ति : आरंभ

पंचतंत्र हें आपल्या देशांतील फार जुनें पुस्तक आहे. त्याचा आरंभ पाहा. महिलारोप्य नांवाच्या नगरांत अमरशक्ति नांवाचा राजा होता. त्यास तीन पुत्र होते, आणि तिघांसही शिकण्याचा कंटाळा. राजा चिंतेंत पडला. तेव्हां विष्णुशर्मा नांवाचा वृद्ध पंडित पुढें आला व त्यानें पैज घेतली कीं, सहा महिन्यांच्या आंत मी ह्या मुलांस नीतिशास्त्रांत निपुण करून दाखवितों.

येथपर्यंत एकाही प्राण्याची गोष्ट सुरू झालेली नाहीं, तरी वाचकाच्या मनांत प्रश्न उभा राहिला : हा म्हातारा आपली पैज जिंकणार कीं हरणार? आणि मौज ही कीं, शिकण्याचा कंटाळा आलेल्या त्या मुलांस विष्णुशर्म्यानें गोष्टीच सांगितल्या. म्हणजे आज आपल्या वर्गांत जी अडचण आहे, तीच ह्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे, व तिचा उपायही तेथेंच आहे.

मुलांस हें समजावें म्हणून फळ्यावर दोन वाक्यें लिहावीं. पहिलें : “वेळेवर शाळेंत येणें ही चांगली संवय आहे.” दुसरें : “शाळेची घंटा वाजली, सर्व मुलें आलीं, पण गणूची जागा रिकामी होती.” मग विचारावें, कोणत्या वाक्यानंतर तुम्हांस पुढें वाचावेंसें वाटतें? मुलें दुसऱ्याकडे बोट दाखवितील. कां, असें विचारलें म्हणजे एखादें मूल म्हणेल, “गणू कोठें गेला तें कळलें पाहिजे.” बस्स, पहिली युक्ति त्यास कळली. पहिल्या वाक्यानें उत्तर आधींच देऊन टाकलें. दुसऱ्यानें प्रश्न दिला.

दुसरी युक्ति : उत्तर राखून ठेवणें

प्रश्न उत्पन्न केल्यावर लेखक लगेच उत्तर देत नाहीं. पंचतंत्रांत एक प्राणी दुसऱ्यास सांगतो कीं, असें करशील तर अमक्याची जी गत झाली तीच तुझी होईल. दुसरा लागलीच विचारतो, तें कसें? आणि मग नवी गोष्ट सुरू होते. त्या गोष्टींत तिसरी गोष्ट निघते. कांद्याचा एक पापुद्रा काढावा तों आंत दुसरा, तसें तें पुस्तक आहे, व प्रत्येक पापुद्र्यापाशीं “तें कसें?” हा प्रश्न उभा आहे.

अरबी भाषेंतील गोष्टींत तर ह्या युक्तीवर एका स्त्रीचा जीव अवलंबून आहे. एक राजा रोज नवी राणी करी व सकाळीं तिला ठार मारवी. वजिराची मुलगी शहरजाद ही त्याची राणी झाली. ती रात्रीं गोष्ट सांगूं लागली आणि ऐन रंगांत आलेली गोष्ट तिनें पहाटे अर्धवट सोडली. पुढें काय झालें हें ऐकण्यासाठीं राजानें तिला एक दिवस जगूं दिलें. मग आणखी एक. आणि असें करितां करितां हजार रात्री लोटल्या.

आपल्या मराठींतही हें उदाहरण आहे. हरि नारायण आपटे ह्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ नांवाचें साप्ताहिक सुरू केलें, आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी थोडी थोडी करून छापली. एका अंकांतील भाग संपला म्हणजे वाचकास पुढच्या अंकाची वाट पाहणें भाग पडे. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हां प्रकरणांस त्यांनीं ‘रात्र’ असें नांव दिलें. श्याम रोज रात्रीं आपल्या सोबत्यांस एक आठवण सांगतो, व ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. वाचणारा मुलगाही त्या सोबत्यांतच जाऊन बसतो.

शिक्षकानें वाचून दाखवितांना कोठें थांबावें हें आधीं ठरवून ठेवावें. माकड व मगर ह्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मगरीच्या पाठीवर बसून माकड निघालें, चोहोंकडे पाणी, आणि मगर म्हणाली, “माझ्या बायकोला तुझें काळीज खावयाचें आहे.” येथें पुस्तक मिटावें व म्हणावें, “माकडाच्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें? उद्यां सांगा.” दुसऱ्या दिवशीं गैरहजर राहणारें मूलही वर्गांत येईल, अशी आमची खात्री आहे.

तिसरी युक्ति : पुन्हां पुन्हां तेंच

चिमणी व कावळा ह्यांची गोष्ट घ्या. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस आला व शेणाचें घर वाहून गेलें. कावळा दार ठोठावतो, आणि चिमणी आंतून दर वेळीं मुलाच्या न्हाऊमाखूचें एक एक निमित्त सांगून त्यास थांबावयास लाविते. लेंकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट घ्या. वाटेंत तिला हिंस्र प्राणी भेटतात. प्रत्येकास ती तेंच आश्वासन देते, आणि परत येतांना भोपळ्यांत बसून प्रत्येकाच्या हातून तशीच सुटते.

मोठ्या माणसास वाटतें, तेंच तेंच कशाला? पण मुलास त्यांतच आनंद आहे. दुसऱ्या वेळीं त्यास ओळख पटते. तिसऱ्या वेळीं तें आधींच बोलूं लागतें. म्हणजे ऐकणारें मूल सांगणाऱ्याचें भागीदार होतें. शिवाय नुकतें वाचूं लागलेल्या मुलास ह्याचा एक मोठा लाभ आहे. जें वाक्य पहिल्या वेळीं त्यानें अडखळत वाचलें, तेंच तिसऱ्या वेळीं तें धडाक्यानें वाचतें, आणि “मला वाचतां येतें” असा धीर त्यास येतो. म्हणून लहानांच्या पुस्तकांत अशीं वाक्यें असलीं तर तीं गाळूं नयेत.

शब्दांचा नाद हीही ह्याच युक्तीची बहीण आहे. पाऊस टपटप पडतो, ओढा खळखळ वाहतो, पिंपळाचीं पानें सळसळतात, बायका कुजबुजतात, वीज लखलखते. मराठींत अशा शब्दांची मोठी रास आहे, आणि ती शहरापेक्षां खेड्यांतील मुलांस अधिक ठाऊक आहे. अशा ठिकाणीं खेड्यांतील मुलानें शहरच्या मुलापुढें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

चौथी युक्ति : शब्दांचें चित्र

“म्हातारी फार गरीब होती,” असें लेखकानें लिहिलें तर आम्ही तें ऐकून घेतों व विसरतों. परंतु त्यानें असें लिहिलें कीं, “म्हातारीनें चुलीवर आधण ठेविलें, पिठाच्या डब्यांत हात घातला, आणि तिचीं बोटें डब्याच्या तळास लागलीं,” तर तो डबा आम्हांस दिसतो, त्याचा थंड पत्रा बोटांस लागतो, आणि गरीब हा शब्द न उच्चारतां गरिबी कळते. चांगला लेखक निकाल सांगत नाहीं. साक्ष पुढें ठेवितो, व निकाल वाचकाकडून देववितो. स्वतः दिलेला निकाल माणूस सहसा विसरत नाहीं.

‘श्यामची आई’ मधील एक प्रसंग पुष्कळांस आठवत असेल. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांस माती लागूं नये म्हणून श्याम हट्ट धरितो, आणि आई आपलें लुगडें पसरून त्यावर त्यास पाय ठेवूं देते. मग ती म्हणते कीं, पायांस घाण लागूं नये म्हणून जपतोस, तसाच मनास लागूं नये म्हणूनही जप. आईचें मुलावर प्रेम होतें, हें वाक्य तेथें लिहिण्याची गरजच राहिलेली नाहीं. पसरलेलें लुगडें तें सांगतें.

वर्गांत हें शिकवितांना पांच इंद्रियांची नांवें फळ्यावर लिहावीं, आणि बाजाराचा दिवस वर्णावयास सांगावें : काय दिसलें, काय ऐकूं आलें, कशाचा वास आला, हातास काय लागलें, जिभेस काय चव आली. मात्र मुलांस हेंही सांगावें कीं, सर्वच एकदम लिहूं नये. कालवणांत मीठ पाहिजे म्हणून कोणी मूठभर घालीत नाहीं. एक नेमकी खूण दहा ढोबळ वर्णनांहून अधिक काम करिते.

पांचवी युक्ति : माणूस, व त्याचें बोलणें

वाचकास गोष्टींत स्वतःसारखें कोणी तरी भेटलें पाहिजे. तें कोंकरूं असो वा राजपुत्र असो, त्यास भूक लागते, भय वाटतें, चूक होते, हें दिसलें म्हणजे मूल त्याच्या बाजूस जाऊन उभें राहतें. सर्वगुणसंपन्न मुलाची गोष्ट मुलांस आवडत नाहीं, ह्यांत मुलांचा दोष नाहीं. असा मुलगा त्यांनीं कधीं पाहिलेलाच नसतो.

ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक ह्यांचें ‘स्मृतिचित्रें’ हें पुस्तक. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई शाळेंत शिकलेल्या नव्हत्या. लग्न झाल्यावर त्या वाचावयास शिकल्या. आपण जशा बोलतों तसें त्यांनीं लिहिलें, आणि दुसऱ्यास हंसण्यापूर्वीं त्या स्वतःस हंसल्या. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या हकिकती त्या अशा सांगतात कीं वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां त्या घरांतील मुलांचे हाल त्याच्या ध्यानांत येतात. शिक्षण थोडें म्हणून आपणांस लिहितां येणार नाहीं, असें म्हणणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनीं हें उदाहरण मनांत बाळगावें.

पात्रांस बोलूं दिलें म्हणजे गोष्ट अधिक सजीव होते. माकड चतुर होतें, असें सांगून काय होतें? “काळीज तर मीं झाडावरच ठेवून आलों, आधीं सांगितलें असतें तर बरोबर घेतलें असतें,” असें तें मगरीस म्हणतें, तेव्हां त्याची चतुराई आमच्या कानांनींच आम्ही ऐकतों. संवाद वाचतांना दोन मुलांकडून दोघांचीं वाक्यें वाचवून घ्यावीं. जो मुलगा एरव्हीं एका सुरांत वाचतो, तोही मगर झाल्याबरोबर आवाज बदलतो.

सहावी युक्ति : गोष्ट कोण सांगतो?

बाबा पदमनजी ह्यांनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठींतील अगदीं आरंभींच्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. त्यांतील यमुना पतीबरोबर प्रवास करिते, व ठिकठिकाणच्या विधवांचें दुःख तिच्या दृष्टीस पडतें. सुमारें पस्तीस वर्षांनंतर हरि नारायण आपट्यांच्या कादंबरींतही एक यमुनाच आली. परंतु ही यमू आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते. लेखक पुरुष, पण त्यानें आपला आवाज बाजूस ठेवून एका मुलीचा आवाज घेतला.

दोन यमुना, दोन वाटा. पहिलीबरोबर आम्ही प्रवास करितों व पुष्कळ घरें बाहेरून पाहतों. दुसरी आम्हांस एकाच घरांत नेते आणि दार लावून घेते. तिचें दुःख आम्हांस आंतून कळतें. दोहोंपैकीं कोणती वाट चांगली, हा प्रश्न नाहीं. लेखकानें कोणती निवडली व ती कां निवडली, हें वाचकास कळावें. मुलांस शिकविण्यास सोपा उपाय हा कीं, एकच प्रसंग दोघांच्या तोंडून सांगावयास लावावा : बैल हरवल्याची हकीकत धन्यानें एकदां सांगावी, आणि मग बैलानें सांगावी.

शेवट

सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनीं इसापच्या गोष्टी १८२८ सालीं मराठींत आणल्या. इसापनीतीच्या पुस्तकांत गोष्टीच्या शेवटीं तात्पर्य देण्याची रीत आहे. ती वाईट नाहीं. पण शिक्षकानें तात्पर्य सर्वांत शेवटीं, व तेंही मुलांकडून काढून घ्यावें. आम्हांस आमचीच एक चूक सांगावयाची आहे. एकदां वर्गांत गोष्ट सांगण्यापूर्वीं “आज आपण लोभाचा परिणाम पाहणार आहों” असें आम्ही सांगून बसलों. मुलांनीं हातांची घडी घातली, आणि गोष्ट संपेपर्यंत एकाचाही चेहरा बदलला नाहीं. उखाण्याचें उत्तर आधीं सांगून मग उखाणा घालावा, तसें तें झालें. दोष मुलांचा नव्हता.

सरावासाठीं एक लहान गोष्ट

पुढील गोष्ट मुलांस वाचून दाखवावी, आणि वर सांगितलेल्या युक्त्या तींत कोठें कोठें आहेत तें त्यांस शोधावयास सांगावें.

पहाट झाली. विहिरीवरचा रहाट करकरूं लागला. सखूनें घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि ती एकदम थांबली. घागरीच्या आंत कांहीं तरी हललें. डुबुक्!

सखू चार पावलें चालली. डुबुक्! ती वडाखालीं आली. डुबुक्! ती धांवूं लागली, आणि गार पाणी तिच्या मानेवरून पाठींत उतरलें. डुबुक्! डुबुक्!

दारांत आजी तांदूळ पाखडीत बसली होती. “आजी, आपल्या घागरींत भूत शिरलें आहे!”

आजीनें सूप खालीं ठेविलें. “शिरलें आहे, तर त्याला बाहेर काढूं. ओत परातींत.”

सखूनें डोळे गच्च मिटले व घागर उपडी केली. पाणी पडलें, आणि पाण्याबरोबर एक चिमुकला बेडूक पडला. त्याचें पोट धडधडत होतें. तो सखूकडे पाहूं लागला, व सखू त्याच्याकडे पाहूं लागली.

आजी म्हणाली, “आतां सांग बरें, कोण कोणाला अधिक भ्यालें?”

एवढ्याशा गोष्टींतही आरंभाचा प्रश्न आहे. उत्तर परातींत ओतेपर्यंत राखून ठेविलें आहे. एकच नाद पुन्हां पुन्हां येतो. पाठींत उतरणारें गार पाणी आहे. दोघींचें बोलणें आहे. आणि तात्पर्याच्या जागीं आजीनें आणखी एक प्रश्न ठेविला आहे. गोष्ट कोण सांगतो, हा भाग मुलांसाठीं राखला आहे : तीच हकीकत बेडकाच्या तोंडून लिहावयास त्यांस सांगावें.

एक सावधगिरी

आतां ह्या पाठांतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे आम्ही वळतों. जी सुरी भाजी चिरते तीच बोटही कापते. लेखकाच्या ह्याच युक्त्या दुसरेही लोक जाणतात. आठवड्याच्या बाजारांत औषध विकणारा प्रथम झांकलेली टोपली पुढें ठेवितो, व टोपलींत काय आहे तें शेवटपर्यंत दाखवीत नाहीं. मोबाईलवर बातमीचा अर्धाच मथळा येतो आणि “पुढें जें घडलें तें वाचून थक्क व्हाल” असें सांगतो. कोणी आपलीच रडकथा सांगतो, व शेवटीं पैसे मागतो. आरंभाचा प्रश्न, राखून ठेविलेलें उत्तर, जवळच्या माणसाचा आवाज, सर्व तेंच आहे.

मग चांगला लेखक व ठक ह्यांत भेद कोणता? आमच्या मतें भेद हा कीं, लेखक वाचकाकडून कुतूहल उसनें घेतो व तें व्याजासह फेडतो. ठक तें घेतो व निघून जातो. गोष्ट संपल्यावर आपल्या पदरांत कांहीं पडलें काय? कांहीं नवें कळलें, कोणाचें दुःख समजलें, निदान मोकळें हंसूं तरी आलें काय? कीं केवळ खिसा हलका झाला, किंवा शेजाऱ्याविषयीं मन कलुषित झालें? मुलास हा हिशेब करावयास शिकवा. ज्या मुलास गळ कसा असतो तें ठाऊक आहे तें गळाला सहसा लागत नाहीं. ऐकलेलें दहा जणांस पुढें पाठविण्यापूर्वीं तें क्षणभर थांबेल व विचारील, “ह्यानें माझ्या मनांत हा प्रश्न कां घातला?”

आणि हीच कसोटी आपण सांगणाऱ्यांनींही स्वतःस लावावी. कल्पित गोष्ट रंगवावी तेवढी थोडीच. परंतु खरी घडलेली हकीकत सांगतांना ती रंगावी म्हणून पदरचें घालूं नये. ऐकणारास एकदां तें कळलें म्हणजे आपल्या खऱ्या शब्दांवरूनही त्याचा विश्वास उडतो.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. लेखकास जी अडचण आहे ती गोष्ट सांगणाऱ्या आजीस कां नाहीं?

२. तुमच्या पाठ्यपुस्तकांतील कोणत्याही धड्याचें पहिलें वाक्य वाचा. तें प्रश्न देतें कीं उत्तर देतें? उत्तर देत असेल तर तें बदलून लिहा.

३. माकड व मगर ह्यांची गोष्ट कोणत्या ठिकाणीं थांबवावी? तेथेंच कां?

४. पाऊस, आग, गाडी व गर्दी ह्यांचे नाद दाखविणारे प्रत्येकीं दोन शब्द सांगा.

५. “रामाला फार राग आला,” हें वाक्य राग हा शब्द न वापरतां लिहा.

६. ह्या आठवड्यांत तुम्ही ऐकलेली किंवा मोबाईलवर पाहिलेली अशी एक बातमी सांगा कीं जिनें कुतूहल घेतलें पण फेडलें नाहीं.

शिक्षकबंधूंनो, हे सर्व भाग एकाच दिवशीं शिकवूं नका. आठवड्यास एक युक्ति पुरे. प्रथम गोष्ट वाचावी, मुलांस तिचा आनंद मनसोक्त घेऊं द्यावा, आणि मगच ती कशी विणली आहे तें उलगडून दाखवावें. कारण जेवावयास बसलेल्या मुलास आधीं स्वयंपाकाची कृति सांगत बसणारी आई कोणीच पाहिली नाहीं. आणि एखाद्या संध्याकाळीं, तुम्हीं पुस्तक मिटतांच, मागच्या रांगेंतील सर्वांत गप्प मुलानें “पुढें काय झालें?” असें विचारलें, तर तें पुस्तक त्याच्याच हातीं द्या, आणि घरीं नेऊं द्या.